बूच काढाल तर खबरदार!

अहो, ऐकलंत का? नाही, आधी बसून घ्या. उभ्याने ऐकायचा आकडा नाही हा. ऑक्टोबर २०१८ मध्ये सदबीज या लिलाववाल्यांनी न्यूयॉर्कला वाइनची एक बाटली विकली. एकच. पाऊण लिटरची. सोन्याची नाही, हिरे जडवलेली नाही, साधी काचेची. आत द्राक्षांचा आंबवलेला रस, वय वर्षं त्र्याहत्तर. जाणकारांचा अंदाज होता की बत्तीस हजार डॉलरच्या आसपास जाईल. एवढं ऐकूनच आपण पाणी मागितलं असतं. पण गेली कितीला? ५ लाख ५८ हजार डॉलरला! तेव्हाच्या भावाने चार कोटी रुपयांच्या वर. त्याच दिवशी तिची जुळी बहीण ४ लाख ९६ हजारांना गेली. ती घेणारा घरी जाऊन ‘स्वस्तात पटवली’ म्हणाला असेल, दुसरं काय!

हिशेब करायचा नाही असं ठरवलं तरी मन करतंच. एका बाटलीत पाच ग्लास. म्हणजे ग्लासाला ऐंशी लाख. सोबत खारे दाणेसुद्धा नाहीत.

त्या बाटलीवरचं नाव रोमाने-काँती, साल १९४५. फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातल्या ‘दोमेन द ला रोमाने-काँती’ या घराण्याची ही थोरली लेक. आता किमतीबद्दल मला काही म्हणायचं नाही. ज्याचा पैसा त्याचा डोलारा. मला छळतो तो प्रश्न वेगळाच आहे, आणि तो चारचौघांत विचारला की मंडळी एकदम गप्प होतात. ही वाइन पितं कोण? जगभर हिच्यावर बोलणारे हजारो, विकत घेणारे शेकडो, लिलावात हात वर करणारे डझनांनी. पण बूच काढून ग्लासात ओतणारा माणूस शोधायला गेलं, तर नुसती पळापळ. तेव्हा या प्रकरणाची रीतसर चौकशी व्हायलाच हवी. एकेकाला बोलावू. आरोप एकच: हातात होती, तरी प्यायला नाही.

आधी घटनास्थळ बघून घेऊ. दिजों शहराच्या दक्षिणेला कोत द नुई नावाची टेकड्यांची एक रांग आहे. तिच्या उतारावर वोन-रोमाने हे गाव. हे गाव पूर्वी नुसतं ‘वोन’ होतं. शेजारची गावं आपापल्या नामांकित मळ्याचं नाव स्वतःच्या नावाला जोडायला लागली, तेव्हा १८६६ मध्ये वोननेही ‘रोमाने’ लावून घेतलं. मळ्याच्या नावावर गावाने लग्न केलं म्हणायचं! आणि मळा केवढा? १.८ हेक्टर. साडेचार एकर हो, साडेचार! आपल्याकडे एवढ्या रानाच्या सातबाऱ्यावर सात वारस निघतात आणि बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जातात. तिथे त्या तेवढ्या तुकड्यापुढे जगभरचे श्रीमंत हात जोडून उभे.

मळ्याच्या कडेला दगडी कठडा, त्यावर उंच दगडी क्रूस. आणि पाटी. येणाऱ्यांना पाटीवर अगदी सभ्य भाषेत सांगितलंय की तुम्ही का येता ते आम्ही समजू शकतो, पण कृपया रस्त्यावरच थांबा, मळ्यात पाऊल टाकू नका. लोक येतात, क्रुसापाशी उभे राहतात, फोटो काढतात, वेलींकडे बघून उसासा टाकतात आणि परत जातात. दर्शन मोफत, प्रसाद नाही.

आता गंमत अशी की मळ्याच्या वरच्या अंगाला लागूनच ‘ला रोमाने’ नावाचा दुसरा मळा आहे. तो तर जेमतेम पाऊण हेक्टरच्या थोडा पुढे, लिजे-बेलेर घराण्याचा. खालच्या बाजूला रोमाने-सँ-व्हिव्हाँ. उत्तरेला रिशबूर. दक्षिणेला ‘ला ग्रांद रु’ नावाची एक चिंचोळी पट्टी. ती लामार्श घराण्यातल्या एका नवरदेवाला १९३३ मध्ये लग्नाचा आहेर म्हणून मिळाली. (आहेरात स्टीलचे डबे मिळालेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचू नये.) त्या पट्टीपलीकडे ‘ला ताश’. सगळीकडे द्राक्ष एकच, पिनो न्वार. ऊन तेच, पाऊस तोच. तरी बांध ओलांडला की भाव बदलतो. बर्गंडीचे लोक अशा प्रत्येक तुकड्याला ‘क्लिमा’ म्हणतात. असे १२४७ तुकडे त्यांनी मोजून ठेवलेत आणि २०१५ मध्ये युनेस्कोकडून त्यांवर जागतिक वारशाचा शिक्काही मिळवलाय. त्या मोहिमेच्या पुढारपणात होते ओबेर द व्हिलेन, म्हणजे रोमाने-काँतीचेच तेव्हाचे कारभारी. घरचं कार्य मानून राबले!

बरं, तो बांध नुसता कागदावरचा आहे असंही नाही. उतारावर अगदी वर गेलं तर माती पातळ आणि खडक उघडा. अगदी खाली गेलं तर माती जाड, पाणी साचणारं. मधल्या पट्ट्यात चुनखडकावर चिकणमातीचा बेताचा थर, पूर्वेकडचं सकाळचं ऊन आणि पाण्याचा निचरा चोख. पिनो न्वार हे पातळ सालीचं, नाजूक, लहरी द्राक्ष. थंडी पडली तर रुसतं, ऊन वाढलं तर भाजतं, पाऊस लागला तर कुजतं. त्याला नेमकी अशी जागा लागते. जागा शोधली मठवासी साधूंनी. सँ-व्हिव्हाँच्या मठाकडे मध्ययुगात हे मळे होते.

तर पहिले साक्षीदार साधू. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकच उद्योग केला: कुठल्या तुकड्याची वाइन कशी लागते ते ध्यानात ठेवायचं. म्हणजे चाखून बघावीच लागणार. हे लोक प्यायले, हे उघड आहे. निर्दोष. सोडून द्या.

पुढे आले बर्गंडीचे ड्यूक, ‘धाडसी’ म्हणून ओळखले जाणारे फिलिप. यांनी १३९५ मध्ये फर्मान काढलं की गामे जातीची द्राक्षं दुष्ट, बेइमान आणि आरोग्याला घातक आहेत, ती उपटून टाका. गामेचा अपराध काय? भरघोस पीक देत होती बिचारी! शेतकऱ्यांना दोन पैसे मिळत होते. पण ड्यूकसाहेबांना प्रांताची अब्रू राखायची होती, आणि अब्रू पिनोची. शेतकऱ्यांवर आभाळ कोसळलं. पण हा जो उलटा कायदा तेव्हा पक्का झाला, की जो वेल कमी देतो तोच घरंदाज, त्यावरच पुढची सगळी कथा उभी आहे. कमी म्हणजे किती? आजही या मळ्यात हेक्टरी दहा हजारांहून जास्त वेली, आणि वर्षाला बाटल्या पाच-सहा हजार. म्हणजे तीन वेली वर्षभर झिजणार तेव्हा कुठे एक बाटली भरणार.

आता मुख्य आरोपीला आणा. लुई-फ्राँस्वा द बुर्बों, प्रिन्स द काँती. पंधराव्या लुईचा चुलतभाऊ, एके काळी राजाच्या गुप्त मुत्सद्देगिरीचा सूत्रधार. मळा तेव्हा क्रूनेंबूर घराण्याकडे होता आणि कर्जामुळे विकायला काढलेला. आता दरबारी कुजबुज अशी की राजाची लाडकी मादाम द पाँपादूर हिलाही हाच मळा हवा होता. प्रिन्सचं आणि तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य. १७६० मध्ये प्रिन्सने अव्वाच्या सव्वा किंमत मोजून मळा पटकावला आणि बाईंच्या नाकावर टिच्चून तो मिरवला, असं सांगतात. पाँपादूरची बाजू ही दंतकथा असेल, पुरावा कोणी दाखवत नाही. पण खरेदी खरी. आणि खरेदीनंतर प्रिन्सने जे केलं, तेही खरं. त्याने या मळ्याची वाइन बाजारात विकणंच बंद केलं! सगळी माझ्या पंगतीला, बाकीच्यांनी वास घ्यायचा.

लक्षात येतंय का? गाडा इथे बिघडला. तोपर्यंत ही एक उत्तम, महागडी वाइन होती. पैसे असतील तर मिळत होती. प्रिन्सने ती मिळेनाशी केली आणि जे मिळत नाही त्यावर जग वेडं झालं. आज मोठमोठ्या जाहिरात कंपन्या ज्या युक्तीचे कोट्यवधी घेतात, ती या गृहस्थाने निव्वळ हट्टापायी फुकटात शोधून काढली. बरं, त्याच्या दिवाणखान्यातलं १७६६ सालचं एक प्रसिद्ध चित्र आहे. पॅरिसचा राजवाडा, उंच आरसे, दरबारी मंडळी, आणि वाद्यापाशी दहा वर्षांचा मोत्सार्ट. एवढा जामानिमा, आणि पाहुण्यांना चाललंय काय? चहा! चहा हो! तळघरात रोमाने आणि वरती इंग्लिश चहा. कंजूषपणाला काही सीमा?

तरी प्रिन्स निदान स्वतः तरी प्यायला. संशयाचा फायदा देऊ.

मग झाली राज्यक्रांती. राजेरजवाड्यांची मालमत्ता जप्त, मळा १७९४ मध्ये लिलावात. समतेच्या नावाने तो काढला असेल असं वाटतं ना? पण विक्रीच्या कागदात क्रांतिकारकांनीच या वाइनची अशी काही स्तुती केली, की दरबारातला भाटही लाजावा. रंग काय, गंध काय, म्हाताऱ्याकोताऱ्यांना गुण काय! आणि कळस म्हणजे ज्या काळात नावातला उमरावपणाचा ‘द’ लपवायची वेळ आली होती, त्याच काळात मळ्याच्या नावाला ‘काँती’ कायमचं चिकटलं. प्रिन्सच्या हयातीत ती नुसती ‘रोमाने’ होती. राजपुत्र गेला, त्याचं राज्य गेलं. नाव मात्र बाटलीवर राहिलं, आणि चढवलं ते त्याच्या घराण्याला लुटणाऱ्यांनी. भाव यावा म्हणून, आणखी कशाला!

त्यानंतर हात बदलत बदलत १८६९ मध्ये मळा द्युव्हो-ब्लोशे यांच्याकडे आला. त्यांच्या वारसांतून द व्हिलेन घराण्याकडे. १९३३ मध्ये ‘ला ताश’ घेतलं, तोही मळा एकहाती. १९४२ मध्ये दुसऱ्या वाटेकऱ्यांचा निम्मा हिस्सा आँरी लरुआ या वाइन व्यापाऱ्याने विकत घेतला. तेव्हापासून घराणी दोन, मळा एक. पुढे काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको, तरी सांगतेच.

१९७४ मध्ये कारभार आला दोघांच्या हातात: एका बाजूने ओबेर द व्हिलेन, शांत, मितभाषी, दुसऱ्या बाजूने आँरींची लेक लालू बिझ-लरुआ, गिर्यारोहण करणारी, उंची पोशाखांची शौकीन, जिभेची आणि बुद्धीची दोन्ही तिखट. अठरा वर्षं संसार चालला. दरम्यान लालूबाईंनी १९८८ मध्ये त्याच गावात आपलं स्वतंत्र दोमेन, म्हणजे वाइनचं घराणं, उभं केलं. म्हणजे एकीकडे घरच्या कंपनीची कारभारीण, दुसरीकडे रस्त्यापलीकडे प्रतिस्पर्धी! त्यात बाटल्या कोणत्या देशात कोणामार्फत विकायच्या यावरून वाद पेटला. १९९२ मध्ये मतदान झालं आणि बाईंना कारभारातून काढलं. कोणाच्या मतांवर? सख्ख्या बहिणीच्या बाजूचीही मतं विरोधात! जागेवर आला बहिणीचा मुलगा. बाई हरल्या म्हणता? छे. त्यांच्या स्वतःच्या दोमेन लरुआच्या बाटल्यांनी किमतीत रोमाने-काँतीशी टक्कर घ्यायला सुरुवात केली. आणि खरा सूड काळाने उगवला: २०१८ च्या अखेरीस बहिणीकडचा वारसदार वारला आणि लरुआ घराण्याच्या खुर्चीत बसली पेरीन फनाल, म्हणजे लालूबाईंचीच लेक. आईला ज्या दारातून बाहेर काढलं, त्याच दारातून मुलगी आत. मालिका लिहिणाऱ्याने असं लिहिलं असतं, तर आपण त्याला ‘काहीही हं’ म्हणालो असतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं चालू असताना शेतात काम कोण करत होतं? अगदी रास्त प्रश्न. आणि इथेच माझी पंचाईत होते, कारण तिथे खरडपट्टी काढायला काही सापडतच नाही. शोधून शोधून एक सापडलं. अठराव्या शतकात या मळ्यात डोंगरावरून गाड्या भरभरून माती आणून टाकली होती! ज्या मातीची पूजा करायला जग येतं, ती मुळात थोडीशी आयात. धुपून खाली गेलेली भरपाई, असं त्यांचं म्हणणं. असो.

बाकी उद्योग बघा. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड अमेरिकेतून आली आणि युरोपभरच्या द्राक्षबागा बसल्या. उपाय निघाला तो अमेरिकी खुंटावर युरोपी डोळा बांधायचा, म्हणजे कलम. सगळ्यांनी केलं. रोमाने-काँतीवाल्यांनी नाही केलं. आमच्या वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या राहणार! पूर्वापार पद्धत अशी की म्हातारा वेल जमिनीत वाकवून पुरायचा, त्याला मुळं फुटली की तोच नवा वेल. आपलं दाब कलमच ते. म्हणजे वंश साधूंच्या काळापासून अखंड. तो टिकवायला मातीत कार्बन डायसल्फाइड टोचत राहिले, वर्षानुवर्षं, एकेका वेलीभोवती. पण दुसरं महायुद्ध आलं; माणसं नाहीत, रसायन नाही. वेली खंगल्या. त्यात १९४५ च्या वसंतात थंडीने मार दिला. त्या वर्षी सगळ्या मळ्यातून निघाल्या सहाशे बाटल्या. मग वेली उपटल्या, ला ताशमधून काढलेली काडी खुंटावर बांधून १९४७ च्या सुमाराला नवी लागवड केली, आणि १९५२ पर्यंत रोमाने-काँती नावाची वाइन बनलीच नाही. सुरुवातीला जिच्यावर चार कोटी उधळले ती ही १९४५ ची. जुन्या मुळांची शेवटची वाइन. आता कळलं त्या किमतीचं मूळ कुठे आहे?

आजही हट्ट चालूच आहेत. रसायनं ऐंशीच्या दशकातच बंद. ट्रॅक्टरने माती दाबली जाते म्हणून या मळ्यात घोडा नांगर ओढतो. २००७ पासून सगळी शेती बायोडायनॅमिक. यात गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर जमिनीत पुरतात आणि मग त्याचं अगदी थोडं प्रमाण पाण्यात घुसळून शिंपडतात. चंद्राची तिथी बघून कामं करतात. ग्लासाला ऐंशी लाखांपर्यंत पोचलेल्या वाइनच्या मुळाशी शेण आहे, हे त्या हात वर करणाऱ्या साहेबांना कोणी सांगितलं असेल का?

द्राक्षं उशिरा तोडतात, पूर्ण पिकली की. पावसाचा धोका पत्करून. निवडून, कुजकी-कच्ची काढून घड लाकडी पिंपांत टाकतात. बहुतेक ठिकाणी देठ काढून टाकतात. इथे बहुतांश घड देठासकट. रस आंबायला लागला की साली आणि देठ वर तरंगतात, त्यांचा जाड थर पुन्हा खाली दाबत राहायचा, म्हणजे रंग आणि गंध रसात उतरतो. हे जवळजवळ तीन आठवडे. मग ओकच्या पिंपांत दीड वर्ष, आणि पिंपं दर वर्षी सगळीच्या सगळी नवी. त्यानंतर बाटली. झालं! गुप्त मसाला नाही, बाहेरून आणलेला चमत्कार नाही. विचारलं तर म्हणतात, आम्ही फार काही करत नाही, मळा करतो. एवढ्या किमतीला एवढी विनम्रता म्हणजे निव्वळ गर्विष्ठपणाच, नाही का?

आणि विकायची तऱ्हा? अनेक वर्षं डझनाच्या खोक्यात रोमाने-काँतीची बाटली एकच. बाकीच्या ला ताश, रिशबूर, एशेझो वगैरे बहिणी. थोरली हवी तर सगळा गोतावळा घरी न्या. बाटलीवर क्रमांक असतो. कोणती बाटली कोणाकडे गेली याची नोंद असते. आम्ही प्यायला दिलेली बाटली तुम्ही लिलावात फिरवू नका, अशी दोमेनची अपेक्षा असते. अपेक्षाच ती! नवीन सालाची बाटलीसुद्धा दुकानातल्या फेरविक्रीत वीस हजार डॉलरच्या पुढे बोलते. मग माणूस बूच काढण्यापूर्वी हजारदा विचार करणार, आणि हजारदा विचार केलेला माणूस बूच काढत नाही. २००८ मध्ये हाँगकाँगने वाइनवरचा आयात कर उठवला, आणि आशियातले पैसेवालेही लिलावात उतरले. बाटल्या एका तळघरातून दुसऱ्या तळघरात, कधी गोदामातल्या गोदामातच मालक बदलून. वर्षानुवर्षं प्रवास, घोट एक नाही. हे सगळे आरोपी नंबर दोन ते नंबर दहा हजार. शिक्षा काय द्यावी, तुम्हीच ठरवा.

चोरांकडून तरी काही आशा होती. २०१४ च्या नाताळात कॅलिफोर्नियातलं फ्रेंच लाँड्री हे नामवंत रेस्तराँ बंद होतं. चोर आले आणि शहात्तर बाटल्या घेऊन गेले, बहुतेक याच दोमेनच्या. प्यायले? अहो, बहुतेक बाटल्या पुढच्याच महिन्यात नॉर्थ कॅरोलिनात एका खासगी तळघरात जशाच्या तशा सापडल्या. चोरीचा मालही जपून!

त्याहून रंगतदार किस्सा स्पेनमधल्या कासेरेसचा. ऑक्टोबर २०२१. आत्रियो नावाच्या हॉटेलात एक जोडपं उतरलं. बाई एके काळची सौंदर्यस्पर्धेतली. चौदा पदार्थांचं जेवण झालं, तळघराची सहलही झाली. मध्यरात्रीनंतर बाईंना पुन्हा भूक लागली. चौदा पदार्थांवर! स्वयंपाकघर बंद आहे म्हटलं तरी ऐकेनात. बिचारा रात्रपाळीचा माणूस सॅलड करायला गेला, तोवर बाप्यांनी किल्ली उचलली. ती निघाली चुकीची. मग बाईंना अचानक गोड खावंसं वाटलं. तो माणूस पुन्हा आत, किल्ली या वेळी बरोबर. पंचेचाळीस बाटल्या हॉटेलच्याच टॉवेलांत गुंडाळून पहाटे दोघं पसार. त्यात १८०६ ची ‘शातो दिकेम’ ही वाइन होती आणि रोमाने-काँतीच्या कितीतरी. जोडपं २०२२ मध्ये सीमेवर सापडलं, २०२३ मध्ये शिक्षा झाली. बाटल्या सापडल्या नाहीत. प्यायले असतील, तर माझी त्यांच्याबद्दल थोडी सहानुभूती आहे; विकल्या असतील, तर शिक्षा वाढवा.

यातल्या एका किश्शाला मात्र हसता येत नाही. जानेवारी २०१० मध्ये द व्हिलेन यांच्या घरी मळ्याचा तपशीलवार नकाशा आला आणि पाठोपाठ धमकी: दहा लाख युरो द्या, नाहीतर मळा विषाने मारतो. रात्री दिव्याच्या उजेडात कोणीतरी ऐंशीच्या वर वेलींना छिद्रं पाडली होती, दोन वेलींत विष घातलं होतं. पोलिसांनी शेजारच्या शांबोल-म्युझिन्यीच्या दफनभूमीत पैशांची पिशवी ठेवून सापळा लावला आणि माणूस पकडला. पुढे तुरुंगात त्याने आत्महत्या केली. एवढ्याशा जमिनीवर एवढा भाव चढवला की शेवटी कोणीतरी वेलीलाच ओलीस धरतं. चढवणाऱ्यांत लिलाववाले आले, साठवणारे आले, आणि चवीने चर्चा करणारे आपणही आलो.

असो. शेवटचा साक्षीदार उरलाय. रूडी कुर्नियावान. इंडोनेशियाचा तरुण, लॉस एंजेलिसात राहणारा, जुन्या बर्गंडीवर इतका पैसा उधळायचा की मित्रांनी टोपणनाव ठेवलं ‘डॉक्टर काँती’. हा गृहस्थ पार्ट्या द्यायचा. कसल्या? खऱ्या रोमाने-काँतीच्या! जुनी-जुनी सालं, एकामागून एक, धडाधड बुचं काढून, समोरच्यांना ग्लास भरभरून. त्याची एकच नम्र विनंती असायची: रिकाम्या बाटल्या तेवढ्या माझ्या घरी पाठवून द्या. आठवण म्हणून. न्यूयॉर्कच्या रेस्तराँतून त्या खोक्यांत भरून जायच्या. केवढा भावनाप्रधान माणूस!

२००६ मध्ये एकाच लिलावात त्याच्या तळघरातल्या बाटल्या २.४७ कोटी डॉलरला गेल्या. गडबड झाली ती एप्रिल २००८ मध्ये. लिलावाच्या यादीत पाँसो दोमेनच्या ‘क्लो सँ-दनी’च्या बाटल्या आल्या, सालं १९४५ पासून पुढची. दोमेनचे लोराँ पाँसो यादी बघून थक्क झाले, कारण ती वाइन त्यांच्या घराण्याने बनवायला सुरुवातच मुळी ऐंशीच्या दशकात केली होती. ते विमान पकडून न्यूयॉर्कला लिलावात येऊन बसले आणि बाटल्या मागे घ्यायला लावल्या. मार्च २०१२ मध्ये एफबीआय रूडीच्या घरात शिरली, तेव्हा तिथे बुचं, मेण, शिक्के, हजारो लेबलं आणि कशात काय मिसळायचं याच्या चिठ्ठ्या होत्या. कॅलिफोर्नियाची पिनो, थोडी जुनी स्वस्त बर्गंडी, वर झकास लेबल. २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि २०२१ मध्ये त्याला मायदेशी धाडलं.

आणि ज्यांनी त्याच्याकडून बाटल्या घेतल्या त्यांना फसवणूक इतकी वर्षं कळली का नाही? कारण सोपं आहे हो! बहुतेकांनी त्या उघडल्याच नव्हत्या. तळघरात आडव्या ठेवून भाव चढायची वाट बघत होते. बूच काढलं असतं तर निदान संशयाला तोंड फुटलं असतं. पण काढणार कोण? खोटी बाटली आणि खरी बाटली यांच्यात, न पिणाऱ्याच्या दृष्टीने, फरक तरी काय असतो?

तर चौकशीचा निकाल असा. प्रिन्सने विकायचं बंद केलं, क्रांतिकारकांनी नाव चढवलं, घराण्यांनी भांडून वाटे सांभाळले, श्रीमंतांनी कुलपं लावली, चोरांनी टॉवेलात गुंडाळली. या सगळ्या टोळीत खरी रोमाने-काँती मित्रांना पोटभर पाजणारा कोण निघाला, तर खोटी विकणारा. त्याला तुरुंगात पाठवलं ते बरोबरच केलं. फसवणूक ती फसवणूक. पण ज्यांनी त्याच्या टेबलावर बसून ती प्यायली, त्या पाहुण्यांकडे माझा एक साधा प्रश्न पोचवा, म्हणजे ही चौकशी बंद करता येईल: लागते कशी हो?